तोफेचा बार आणि देवीचा मान

आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या सकाळी कोल्हापुरात श्रीअंबाबाईच्या मंदिरी घटस्थापना होते आणि तोफेची सलामी झडते. तो बार कानी पडताच करवीरवासी भाविकाचे हात आपसूक जोडले जातात. ज्या तोफेने एकेकाळी तटबंद्या फोडल्या, तीच आज जगदंबेच्या उत्सवाची वर्दी देते. संहाराचे साधन देवीच्या चरणी सेवेस रुजू व्हावे, हेच तर नवरात्राचे मर्म आहे.

तोफेच्या बाराशी महाराष्ट्राच्या मनाचे नातेही जुने आहे. १६६० सालच्या त्या आषाढी रात्रीनंतर, शिवराय विशाळगडी सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणून गडावरून तोफांचे बार झाले आणि ते ऐकूनच बाजीप्रभूंनी देह ठेवला, असे परंपरा सांगते. तेव्हापासून तोफेचा आवाज म्हणजे आपल्या लेखी केवळ गर्जना नव्हे. ती धनी कुशल असल्याची ग्वाही आहे.

हा मान अत्यंत शिस्तीने कोठे राखला जात असेल, तर तो म्हैसूरच्या दसऱ्यात. राजा वडियार यांनी १६१० साली श्रीरंगपट्टणास आरंभलेला हा उत्सव पुढे म्हैसुरास वैभवाला चढला. विजयादशमीच्या दिवशी सुमारे ७५० किलो वजनाच्या सुवर्ण अंबारीत श्रीचामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान होते. देवीवर पुष्पवृष्टी होते, राष्ट्रगीताचे सूर उमटतात आणि त्याच अवधीत सात तोफा प्रत्येकी तीन वेळा, असे एकवीस बार देतात. राजवाड्याने जपलेल्या या जुन्या तोफा पोलीस दलातील जवान चालवतात.

पाहणाऱ्यास हे क्षणभराचे कौतुक वाटते. पण त्यामागे कित्येक दिवसांची तालीम असते. तोफेत गोळा नसतो, केवळ दारू असते. तरीही एक बार उडाला की नळीत धग उरते. जळत्या चिंधीची एखादी ठिणगी आत राहिली आणि तीवरच नवी दारू पडली, तर समोर उभ्या असलेल्या गोलंदाजाचा घात ठरलेला. म्हणून प्रत्येक बारानंतर ओला बोळा आतवर फिरवून ठिणगी विझवावी लागते, मगच दारू ठासावयाची. सारा खेळ काही क्षणांचा, पण घाईला तेथे थारा नाही. मिरवणुकीत चालणाऱ्या हत्तीघोड्यांनाही आधीपासून तालमीच्या बारांजवळ आणून आवाजाची सवय करविली जाते. देवीची अंबारी वाहणारा गजराज ऐन वेळी बुजू नये, ही काळजी पूजेइतकीच महत्त्वाची मानली जाते.

अलीकडे आपल्याकडेही तोफांविषयीची ओढ वाढली आहे. दुर्गप्रेमी मंडळी गडावर बेवारस पडलेल्या तोफांना लाकडी गाडे करून मानाने उभ्या करतात. दिवाणखान्यात पितळी प्रतिकृती दिसते. दिवाळीतल्या मुलांच्या मातीच्या किल्ल्यावर तर बुरुजाबुरुजावर तोफ हवीच! हा अभिमान स्तुत्य आहे. परंतु हौसेच्या भरात प्रतिकृतीतच दारू ठासून मिरवणुकीत बार काढण्याचा मोह होतो, तेथे मात्र थांबले पाहिजे.

शोभेसाठी ओतलेल्या धातूत न दिसणाऱ्या पोकळ्या राहू शकतात. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ती साधी भासणारी दारू बंद नळीत पेटली, की दुबळा धातू फुटतो आणि त्याच्या चिरफळ्या भोवतालच्या माणसांतच शिरतात. शिवाय दारूने उडणारी तोफ ही कायद्याच्या दृष्टीनेही खेळणे उरत नाही; १९५९ च्या शस्त्र अधिनियमात तोफांचाही अंतर्भाव आहे. उत्सवाच्या आनंदात एखाद्या घरचा मुलगा डोळा किंवा हात गमावून बसला, तर त्या बाराने कोणती देवी प्रसन्न होणार?

मग घरच्या तोफेचे काय करावे? उत्तर आपल्या शास्त्रपरंपरेतच आहे. खंडेनवमीला आपण शस्त्रे पूजतो, चालवीत नाही. तलवार असो, लेखणी असो, सुताराचा वाकस असो. त्या दिवशी ती विसावतात आणि आपण त्यांच्यापुढे कृतज्ञतेने नतमस्तक होतो. तीच रीत या पितळी तोफेला लावावी. तिला झेंडूचे फूल, हळदकुंकू, अक्षता वाहाव्यात आणि पोराबाळांना जवळ बसवून पावनखिंडीची कथा सांगावी. बार उडविण्याचा मान ज्यांच्या हाताला तालीम आणि मनाला धीर आहे, त्या जाणत्या गोलंदाजांकडेच राहू द्यावा.

वाचकहो, विजयादशमीचे सीमोल्लंघन म्हणजे संयमाची सीमा ओलांडणे नव्हे. आपट्याचे सोने वाटताना दूरवर तोफ कडाडली, तर हात जोडावेत आणि सर्वांच्या कुशलाचीच वर्दी जगदंबेने त्या बारातून द्यावी, एवढे मागणे मागावे.