पौर्णिमेचं पोस्टर

भवानीनगरात आमचा दिवस चाले तो साखर कारखान्याच्या भोंग्यावर. मी दहावीत असताना स्नेहसंमेलनातल्या नाटकाचं पोस्टर करण्याचं काम माझ्याकडे आलं. एक कार्डशीट, पोस्टर कलरच्या तीन बाटल्या आणि हाताशी चार दिवस. मी कडेनं नक्षीदार वेल काढली, १२ नटांची नावं बसवली, गुरुजनांची बसवली. 'सहर्ष निमंत्रण'मधला शेवटचा 'ण' काठाशी चेंगरला. तारीख गेली कोपऱ्यात.

पोस्टर लागलं उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेजवळ. एका गाडीवानानं विचारलं, "बाळा, ह्यात हाय काय?" त्यांना वाचता येत नव्हतं. माझ्या वेलीत त्यांच्यासाठी काहीच नव्हतं!

रात्री पुन्हा बसलो. मधोमध राजाचा मुखवटा, वर पूर्ण चंद्र. नाटक पौष पौर्णिमेलाच होतं.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२४च्या 'कल्याण खजिना' चित्रपटाचं पोस्टर स्वतः रंगवलं होतं, हे पुढे वाचलं. चित्र आधी बोलतं, अक्षर मागून येतं, हे जाणणारा तो कलावंत. मला ते एका गाडीवानानं शिकवलं.

नाटकाला ते आले होते. लेकीला खांद्यावर घेऊन.