वितरण-फलकावरील नावे

घरात आलेली वीज ज्या पेटीतून निरनिराळ्या खोल्यांकडे वाटली जाते, त्या पेटीस वितरण-फलक असे म्हणतात. पूर्वी या फलकावर चिनी मातीचे फ्यूज असत. आता नव्या घरांतून त्यांची जागा मंडल-खंडकांनी घेतली आहे. व्यवहारात त्यांना 'एमसीबी' म्हणतात. पेटीचे झाकण उघडले म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या खटक्यांची एक ओळ नजरेस पडते. परंतु कोणता खटका कोणत्या खोलीचा, हे सांगणारी अक्षरे तेथे पुष्कळदा नसतात. ही उणीव वरवर पाहता क्षुल्लक वाटते. वस्तुतः ती तशी नाही.

मंडल-खंडकाचे कार्य काय, हे प्रथम पाहू. त्याच्या आत दोन धातूंची एक जोडपट्टी आणि एक विद्युत्-चुंबक असतो. एका मंडलावर बेताबाहेर उपकरणे लावली, तर वाढलेल्या प्रवाहाने जोडपट्टी तापून वाकते व खटका खाली पडतो. दोन तारा एकमेकींस भिडून प्रवाह एकाएकी वाढला, तर चुंबक तेच काम क्षणार्धात करतो. अशा रीतीने तारा तापून आग लागण्याचा संभव टळतो. म्हणजे हा खंडक मुख्यतः तारांचा रक्षक आहे.

मग माणसाचे काय? आपल्या देशात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या अंगाच्या मनुष्याच्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम धरला, तर विजेच्या तारेचा स्पर्श होताच त्याच्या शरीरातून ०.२३ अँपिअर प्रवाह वाहील. हृदयाची क्रिया बंद पाडण्यास एवढा प्रवाह पुरेसा आहे. परंतु ६ अँपिअरच्या खंडकास त्याची दादही लागणार नाही! जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांतील ०.०३ अँपिअरचा फरक ओळखून वीज तोडणारे 'आरसीसीबी' नावाचे साधन अवश्य बसवावे; तथापि फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना एकाच वेळी हात लागला, तर तेही निरुपयोगी ठरते.

यावरून हे स्पष्ट होते की, दुरुस्तीपूर्वी योग्य तो खटका आपल्या हाताने बंद करणे, हाच खरा उपाय होय. भिंतीवरील बटण बंद करून भागत नाही. कारण बटणापर्यंत येणाऱ्या तारेत दाब कायमच असतो. योग्य खटका ओळखायचा, तर त्यावर नाव हवे. वायरिंगविषयीच्या भारतीय मानक ७३२ मध्येही फलकावरील मंडलांची ओळख नोंदविण्यास सांगितले आहे, ते याचसाठी.

हे काम दोघांनी मिळून दिवसाउजेडी करावे. प्रथम संगणकासारखी उपकरणे रीतसर बंद करावी. खटक्यांना डावीकडून अनुक्रमांक द्यावे. मग सर्व दिवे व पंखे चालू ठेवून एकाने एकेक खटका खाली करावा आणि दुसऱ्याने घरभर हिंडून काय बंद पडले ते पाहावे. टेबलावरचा एक दिवा बरोबर घेऊन प्रत्येक प्लगमध्ये लावून पाहावा. न वापरातले प्लगही वगळू नयेत. पाणी तापविण्याचे यंत्र, पंप, दारावरची घंटा व सज्जातील दिवा यांचा बहुधा विसर पडतो. पेटीचे आतील आवरण मात्र कदापि काढू नये.

नावे स्थळावरून द्यावी, माणसांवरून नव्हे. 'थोरल्याची खोली' हे नाव तो परगावी गेल्यावर निरर्थक होते. 'रस्त्याकडील खोली — दिवे, पंखे' हे नाव टिकते. खटक्याजवळ लहान चिठ्ठी चिकटवावी आणि संपूर्ण यादी, तारखेसह, झाकणाच्या आतील बाजूस लावावी. वायरिंगमध्ये फेरफार झाल्यास यादीही बदलावी. कारण चुकीचे नाव हे नाव नसण्याहून अधिक घातक असते. मुख्य खटक्याचे नाव सर्वांत ठळक असावे. घरात कोणास विजेचा धक्का बसला, तर इतरांनी त्याला स्पर्श न करता प्रथम तोच खटका बंद करावयाचा असतो, आणि त्या घाईत शोधाशोध करण्यास अवसर नसतो.

ज्या घरांत इन्व्हर्टर आहे, तेथे मुख्य खटका बंद असतानाही काही तारांत दाब असू शकतो. ती मंडले यादीत वेगळी दाखवावी. नाव वाचून खटका बंद केल्यावरही टेस्टर आधी चालू प्लगवर तपासून घ्यावा, मगच कामाच्या जागी लावून वीज नसल्याची खात्री करावी. कोठेही शंका आल्यास परवानाधारक तंत्रज्ञास बोलवावे.

या कामास एखादा तास, थोडा कागद आणि शाई पुरते. घरातील लहानथोर सर्वांनी ही यादी एकदा वाचून ठेवावी. कारण प्रसंग आला असता पेटीजवळ कोण असेल, हे आधी सांगता येत नाही.