टनामागे ४० सेंट : कोळसा खाणीतील यंत्राचा हिशेब

नवे यंत्र आले की धंद्यात पहिला सवाल असतो, माल किती निघेल? सुटलेल्या हातांचे काय, हा सवाल सहसा मागे राहतो. अमेरिकेच्या कोळसा खाणींत तो वेळेवर विचारला गेला होता. म्हणून तो हिशेब आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी पाहण्याजोगा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी कोळशाचा थर खालून कापणारी यंत्रे आली होती. पण सुरुंग उडाल्यावर कोळसा डब्यात भरायचा तो फावड्यानेच. आपल्याकडे मागावरची मजुरी मीटरवर, तशी तिथे टनावर. छताला लाकडी टेकू देणे, रूळ टाकणे, पाणी उपसणे याचे बहुधा काहीच मिळत नसे.

जोसेफ जॉय लहानपणापासून खाणीत राबलेला. खेकड्याच्या नांग्यांसारखे दोन हात कोळसा ओढून मागच्या पट्ट्यावर लोटतील, असे यंत्र त्याने बनवले. १९१९ मध्ये पेटंट मिळाले. १९४८ मध्ये त्याच्या नावाच्या कंपनीने ‘कंटिन्युअस मायनर’ आणला. याच्या दातेरी साखळ्या थेट थर खरवडतात. कापणे, भोके पाडणे, सुरुंग आणि भरणी, सगळे एकाच यंत्रात आले.

कामगार पुढारी जॉन लुईस यंत्राच्या आड आला नाही. त्याचा सौदा साधा होता : निघेल त्या दर टनामागे मालकाने कामगारांच्या कल्याण निधीत रक्कम भरावी. १९४६ मध्ये ५ सेंट ठरले, १९५२ पर्यंत ४० झाले. त्यातून पेन्शन मिळाली, औषधपाणी झाले, १९५६ मध्ये डोंगराळ भागात १० इस्पितळे उघडली. सौदा खोटा मुळीच नव्हता.

पण निधी बांधला होता टनाला, माणसाला नव्हे. रेल्वे डिझेलवर गेली, घरे तेल आणि गॅसवर तापू लागली, कोळशाचा खप घसरला आणि निधी आटला. १९५० मध्ये सुमारे ४ लाख खाणमजूर होते. दहा वर्षांत निम्म्याहून कमी उरले. १९६० मध्ये वर्षाहून जास्त बेकार असलेल्यांचे औषधोपचार बंद झाले. म्हणजे यंत्राने ज्यांची रोजी घेतली, नेमके तेच वगळले गेले. पुढे इस्पितळेही दुसऱ्या संस्थेकडे गेली.

कामावर टिकले त्यांच्या वाट्याला यंत्राची बारीक धूळ आली. १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या हजारो मजुरांनी काम बंद पाडले, तेव्हा त्याच वर्षी धुळीवर मर्यादा आणि फुप्फुसे निकामी झालेल्यांना भरपाई देणारा कायदा झाला.