बैलाची खांदेमळणी, आणि आपली?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. जू ओढून ओढून बैलाचा खांदा दुखावलेला असतो. त्याला हळद आणि तूप लावून मळतो. पोळ्याच्या दिवशी बैल जुंपत नाही. असे का बरे? कारण पुढचे सारे काम त्याच्याच खांद्यावर व्हायचे असते, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते.

मग मंडळी, घराचा गाडा ओढणाऱ्या आपल्या शरीराची खांदेमळणी आपण कधी करतो?

आज गावोगाव मोठी उमेद दिसते. कोणाचा मुलगा पोलीस भरतीसाठी पहाटे धावतो. कोणी बाई बचत गटाचे कर्ज काढून दोन म्हशी घेते. कोणी दिवसभर राबून रात्री कंदिलाएवढ्या उजेडातही अक्षरे गिरवतो. ही उमेद फार चांगली. पण तिच्यामागून एक खोटी समजूत घरात शिरते. माणूस म्हणतो, "आधी काम होऊ दे, मग शरीराकडे बघू." हा हिशोब चुकीचा आहे. का चुकीचा, ते पाहू.

आनंदीबाईंची गोष्ट

आनंदीबाई जोशी यांचा जन्म 1865 साली कल्याणला झाला. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, पण तो दहा दिवसच जगला. तेव्हा बायकांना तपासायला बाई डॉक्टर मिळत नसे. आनंदीबाईंनी ठरवले, आपणच डॉक्टर व्हायचे. पती गोपाळराव यांचाही तोच ध्यास होता.

1883 साली त्या बोटीने अमेरिकेला गेल्या. प्रकृती आधीच नाजूक होती. डोके दुखे, अंगात ताप भरे. तिथे कडाक्याची थंडी, परके अन्न आणि अभ्यासाचा ताण. तरी त्यांनी माघार घेतली नाही. 1886 च्या मार्च महिन्यात त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांच्या विभागाचे काम त्यांना मिळाले. पण त्या परतल्या त्या क्षयरोग घेऊन. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पुरे नव्हते. एवढे शिकूनही कोल्हापूरचे काम हातून व्हायचे राहून गेले.

यात आनंदीबाईंचा दोष नाही, बरं का. त्या काळी क्षयावर औषधच नव्हते.

त्यांच्याच काळातल्या दुसऱ्या बाई म्हणजे डॉक्टर रखमाबाई. त्या विलायतेत शिकल्या. परत येऊन सुरत आणि राजकोट येथे त्यांनी तीसहून अधिक वर्षे बायकांवर उपचार केले. त्या नव्वद वर्षे जगल्या. माणसाला आयुष्य आणि प्रकृती लाभली, तर एका हातून केवढे काम होते, ते इथे दिसते.

आज आपल्याला काय मिळते?

आनंदीबाईंना जे मिळाले नाही, ते आज आपल्या तालुक्यात आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी फुकट, औषधही फुकट. साधारण सहा महिने नेमाने औषध घेतले, तर बहुतेक रोगी बरे होतात. मग "कामाची सुगी आहे, नंतर जाऊ" असे म्हणून दुखणे अंगावर का काढायचे?

आता बायांची गोष्ट. घरात सगळे जेवल्यावर बाई जेवते. उरेल ते खाते. देशात 2019 ते 2021 या काळात कुटुंबांच्या आरोग्याची मोठी सरकारी पाहणी झाली. 15 ते 49 वयाच्या शंभर बायांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी म्हणजे धाप लागते, चक्कर येते, काम उरकत नाही. लोक म्हणतात, "बाई आळशी झाली." ती आळशी नसते, तिच्या अंगात रक्त नसते! हिरवी पालेभाजी, बाजरी, हरभरा खावा. वर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. आशाताईंना विचारून रक्त तपासावे आणि सांगितल्या तर लोहाच्या गोळ्या घ्याव्या.

धावणाऱ्या पोरांसाठी

आपल्याकडे पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. 2024 साली झारखंडात शिपाई भरतीसाठी मुलांना एका तासात दहा किलोमीटर धावायचे होते. तिथे दहाहून अधिक तरुण दगावले. नोकरी घ्यायला गेलेली पोरे घरी परत आली नाहीत.

म्हणून धावणे हळूहळू वाढवावे. एकदम ताण देऊ नये. छातीत दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही. दम वाढावा म्हणून कोणी सुई किंवा पूड दिली, तर ती घेऊ नये. भरती पुन्हा निघते, जीव पुन्हा मिळत नाही.

झोपेचेही तसेच. मोठ्या माणसाला रात्री सात तास तरी झोप हवी. झोपेत शरीराची झीज भरून निघते. दिवसा वाचलेले झोपेतच मनात पक्के बसते. रात्रभर जागून केलेला अभ्यास म्हणजे गळक्या घागरीत भरलेले पाणी.

आणि मनही थकते. पीक गेले, नापास झालो, कर्ज अंगावर आले, की माणूस गप्प होतो. रात्र रात्र झोपत नाही. असे झाले तर कोंडून घेऊ नये. आपल्या माणसाशी बोलावे. 14416 या सरकारी नंबरावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

स्वतःशी करार

आपण सावकाराला कागद लिहून देतो, बँकेला लिहून देतो. स्वतःला मात्र कधी लिहून देत नाही. आता तुम्हाला लिहिता येते. एक कागद घ्या आणि आपल्या हाताने लिहा :

1. मी दोन्ही वेळा पोटभर जेवेन. घरातली बाई सर्वांबरोबर जेवेल.
2. मी रात्री सात तास झोपेन.
3. दुखणे अंगावर काढणार नाही. वर्षातून एकदा दवाखान्यात तपासून घेईन.
4. आठवड्यातून एक वेळ कामाला सुट्टी देईन.
5. मनातले ओझे कोणाला तरी सांगेन.

खाली स्वतःची सही करा. अंगठा नको, सही! मग तो कागद भिंतीवर रोज दिसेल असा लावा. लेकरांकडून तो मोठ्याने वाचून घ्या.

उमेद सोडायची नाही. पण गाडा लांबवर न्यायचा आहे, म्हणूनच खांदा जपायचा आहे.