पवनीच्या टेकडीवरची नावं

सहल म्हटली की डोळ्यांसमोर रायगड नाहीतर वेरूळ येतं, हो ना? पण भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याची मुलं एका दिवसात दोन हजार वर्षं मागे जाऊन घरी परत येऊ शकतात. डबा घ्यायचा आणि आपल्याच तालुक्याचं गाव, पवनी, गाठायचं!

पवनीच्या तीन बाजूंना जुना तट नि खंदक, तर चौथ्या बाजूला वैनगंगा. नदीवरचे घाट आणि देवळं पाहून मग जगन्नाथ टेकडी गाठायची. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केलं. तेव्हा टेकडीच्या पोटातून काय निघालं, ठाऊक आहे? विटांचा भला मोठा बौद्ध स्तूप! त्याच्याभोवती दगडी कठडा होता आणि त्या दगडांवर ब्राह्मी लिपीत नावं कोरलेली होती. कुणाची? ज्यांनी ते दगड दान दिले, त्यांची. त्यांत स्त्रियाही आहेत बरं का!

आता जरा विचार करा. सहलीला गेलं की कुणीतरी हळूच खिळा काढतं नि जुन्या भिंतीवर आपलं नाव कोरतं. नावं तर त्या लोकांनीही कोरली. पण आधी काहीतरी देऊन. आपण मात्र होतं तेच खरवडतो.

म्हणून आईबाबांना घेऊन पवनीला जरूर जा. सोबत वही-पेन्सिल न्या. आपलं नाव लिहायचंच असेल, तर त्या वहीत लिहा!