गौरीचा तेरडा आणि दोन कपाटांतले नेअर्नसाहेब

पोलादपूरहून एका वाचकाचं पत्र आलंय. गौरीसाठी आणलेल्या तेरड्याच्या शेंगेला नातीचं बोट लागलं नि शेंग फट्‌कन फुटली. कशी?

शेंग पिकली की तिच्या पाच फाकांमध्ये ताण भरत जातो. वाकवून बांधलेली बांबूची कामटी सोडली की सटकते ना, तसाच. फाकांचे सांधे तोवर कमकुवत झालेले असतात. बोट लागलं की ते उसवतात, फाका आत गुंडाळल्या जातात आणि बिया चहूकडे उडतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तेरड्याला ‘इम्पेशन्स’ म्हटलं, म्हणजे उतावीळ. आपण शेंगेकडे पाहिलंच नाही. म्हण केली ती रंगावर, तीन दिवसांच्या.

पत्रातला दुसरा प्रश्न मला जास्त आवडला: आंबेनळी घाटातली फुलं ओळखायचा नाद पहिल्यांदा कुणी केला? नावं बरीच आहेत. त्यातले गिब्सन डॉक्टर, कुक मूळचे रेल्वेचे इंजिनिअर. कुकांचा १९०१ ते १९०८ मध्ये निघालेला मुंबई इलाख्याचा ‘फ्लोरा’ अभ्यासक आजही उघडतात. त्याच्या आधी, १८९४ साली, ‘द फ्लॉवरिंग प्लांट्स ऑफ वेस्टर्न इंडिया’ लिहिणाऱ्या अलेक्झांडर किड नेअर्न यांचं नाव मात्र क्वचितच निघतं.

हे मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी. पुस्तक आलं तेव्हा नावाआधी ‘रेव्हरंड’ लागलं होतं. इंग्लंडात पाद्री आणि वनस्पती ही जोडी जुनीच. डार्विनचे गुरू हेन्स्लो केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकवत आणि खेड्यातलं चर्चही सांभाळत. खुद्द डार्विनलाही घरच्यांनी पाद्रीच करायचं ठरवलं होतं. नेअर्न मात्र कचेरीतून चर्चकडे गेले.

महाड-पोलादपूरकडे त्यांचं नाव ऐकलेले लोक आहेत, पण ते इतिहासवाले. कोकणचा इतिहास लिहिणारे नेअर्न हेच! १७९६ चा महाडचा तह, मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या प्रॉथरने घेतलेला रायगड, हे ज्या मुलखात घडलं त्याच मुलखाचा इतिहास नि त्याच मुलखाची फुलं एकाच माणसाने लिहिली. इतिहासाचे अभ्यासक त्यांची फुलं वाचत नाहीत आणि वनस्पतीवाले त्यांचा इतिहास. माझंही तेच झालं होतं. ‘कोकणवाले नेअर्न’ मला कॉलेजपासून माहीत. फुलांचं पुस्तक हाती आलं तेव्हा वाटलं, आडनावबंधू असेल कुणी. मग नावातला ‘किड’ दिसला.