वलगणीचे मासे मोजायचे कसे?

मृगाचा पाऊस दोन-तीन दिवस लागून राहिला, शेते भरली आणि ओढे वाहू लागले, की उत्तर कोकणात माणसे रात्री बत्ती आणि पाग घेऊन बाहेर पडतात. वसई-विरार भागातील वटारसारख्या गावात ‘वलगण’ म्हणजे काय, हे मुलांना शिकवावे लागत नाही. खाडीतले आणि ओढ्यांतले मासे प्रवाहाच्या उलट पोहत उथळ पाण्यात अंडी घालायला चढतात, ते वलगणीचे मासे. दक्षिण कोकणात त्यांनाच चढणीचे मासे म्हणतात.

‘पूर्वीइतके मासे आता चढत नाहीत,’ हे वाक्यही आपण नेहमी ऐकतो. ते खरे आहे का? नुसत्या आठवणीवर हे ठरवता येत नाही. त्यासाठी मोजणी हवी.

मासे चढतात ते का? पावसाने पाणी थंड होते, त्याचा खारेपणा घटतो आणि प्रवाह वाढतो. या बदलांमुळे तयार झालेल्या मादीला अंडी घालण्याची चालना मिळते. नुकत्याच भरलेल्या शेतात पिलांना सूक्ष्मजीवांचे भरपूर खाद्य मिळते आणि मोठ्या माशांचे भयही कमी असते.

अमेरिकेत स्टीलहेड नावाचा मासा असाच समुद्रातून नदीत चढतो. कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरणाला माशांसाठी पायऱ्यांसारखी वाट ठेवली आहे. तेथे १९३८ पासून चढणाऱ्या माशांची मोजणी होते. वाटेच्या कडेला काचेची खिडकी असून मोजणारा तासातील ५० मिनिटे मोजतो आणि आलेल्या संख्येला १.२ ने गुणून तासाची संख्या काढतो. चढलेला मासा कधी कधी प्रवाहाबरोबर खाली येतो आणि पुन्हा चढतो. तो दोनदा मोजला जातो. शिवाय पैदास केंद्रात वाढवून सोडलेल्या माशांचा शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असतो. त्यावरून ते ओळखून वेगळे मोजतात. तसे केले नाही, तर एकूण आकडा मोठा दिसेल आणि नैसर्गिक माशांची घट त्याखाली झाकली जाईल.

हीच पद्धत आपल्या शाळेला जमेल. पावसाचे पाणी गढूळ असते. म्हणून बांधावरून किंवा मोरीतून पाणी पातळ वाहते आणि माशांच्या पाठी दिसतात, अशी एक जागा निवडावी. दर तासाला १० मिनिटे एका विद्यार्थ्याने वर जाणारे आणि दुसऱ्याने खाली येणारे मासे मोजावेत. समजा, १४ वर गेले आणि २ खाली आले. फरक १२, त्याला ६ ने गुणले की तासाला ७२. ही संख्या अंदाजाची आहे आणि ती फक्त त्या जागेची, त्या तासाची आहे. दिवसाच्या मोजणीवरून रात्रीचा हिशेब करू नये. पाऊस किती पडला, हेही शेजारी लिहावे. मोजणी शिक्षकांसमवेत, काठावर उभे राहूनच करावी; पाणी वाढले की थांबावे.

दरवर्षी जागा, वेळ आणि पद्धत तीच ठेवली, तरच दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडता येतात. एका वर्षाच्या घटीने घाबरू नये, कारण पाऊस कमी असेल तर मासेही कमी चढतील. पाऊस चांगला होऊनही अनेक वर्षे आकडा उतरत गेला, तर मात्र कारण शोधायला हवे. एखादी मोरी बुजली असेल, शेतात भराव पडला असेल किंवा वाटेतच पकड फार होत असेल.

गाबोळीने भरलेली एक मादी वाटेत पकडली, तर तिच्यासोबत हजारो अंडीही जातात. पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या समुद्रातील मासेमारीवर बंदी असते ती याच विचाराने. आपल्या ओढ्यासाठी असा नियम गावानेच ठरवायचा झाला, तर ग्रामस्थांसमोर ठेवायला शाळेची वही असावी, असे आम्हाला वाटते. पहिले पान येत्या मृगात लिहिता येईल.